मामांच्या पश्चिमेच्या खिडकीला पडदा दोनदा शिवला, त्याची हकीकत

मामांच्या हॉलमध्ये सहा वर्षं पडद्याच्या जागी सोलापुरी चादर होती. भिंतीत दोन खिळे, चादरीच्या दोन कोपऱ्यांना नाड्या, झालं. होळी पेटली की चढवायची, मृगाचा पाऊस पडला की उतरवायची. चादर ऊन अडवायची, नाही असं नाही. पण भर दुपारी तीनला हॉलमध्ये ट्यूब लावावी लागायची, आणि संध्याकाळी सातलासुद्धा चादरीला हात लावला तर कोमट लागायची. दिवसभर पिऊन ठेवलेली उष्णता ती रात्री घरातच सोडत होती. हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

घर जुळे सोलापुरात, दुसऱ्या मजल्यावर. हॉलला खिडकी एकच, तीही थेट पश्चिमेला तोंड करून. सहा फूट रुंद, चार फूट उंच, दोन सरकत्या काचा. बाहेर दीड फूट पुढे काढलेलं लोखंडी ग्रिल, त्यात मामींची कोरफड, तुळस आणि एक कधीच न फुलणारा मोगरा. वर दोन फुटी सज्जा. मे महिन्यात इथे पारा ४२-४३ ला टेकला तर कुणाला नवल वाटत नाही, आणि त्यातलं सगळ्यात वाईट ऊन पश्चिमेचं. बाराचं ऊन गच्चीवर पडतं, पाचचं थेट घरात शिरतं.

आणि नेमक्या पाच वाजता मामांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पेपर वाचायचा असतो. सकाळचा पेपर संध्याकाळी का, हे त्यांना कुणी विचारत नाही. निवृत्त झाल्यापासून तसंच आहे.

मी घरी शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, उशीचे अभ्रे, कधीमधी शाळेचे गणवेश. पडद्याचं काम माझ्याकडे फारसं येत नाही, कारण आता सगळे तयारच घेतात. चादर शेवटी नाडीपाशी फाटली तेव्हा मामांनी एका शोरूममधून माणूस बोलावला. त्यानं लेसरचं यंत्र भिंतीला लावून मापं घेतली आणि तीन खिडक्यांचे २१,००० सांगितले. मामा काही बोलले नाहीत, फक्त त्याला चहा पुरता पिऊ दिला. दुसऱ्या दिवशी मामींचा मला फोन: "अगं, सासूबाईंच्या इरकली नुसत्या ट्रंकेत पडून आहेत. त्याचंच काही होतंय का बघ की."

सासूबाई म्हणजे माझी आजी.

ट्रंकेतल्या साड्या

पाच निघाल्या, सगळ्या नऊवारी. इरकल हे गाव इथून विजापूर ओलांडून पुढे, बागलकोट जिल्ह्यात. सोलापूरच्या बायकांना ती कधी परगावची वाटलीच नाही. अंग सुती, पदर लाल, आणि दोहोंचा जोड हीच इरकलीची ओळख. पदराचा ताणा वेगळा आणि अंगाचा वेगळा असतो. दोन्हींची टोकं एकमेकांत फासून मागावरच सांधतात. टोपे तेनी म्हणतात त्याला. साडी उजेडासमोर धरली की पदर सुरू होतो तिथे बारीक बारीक फाशांची एक ओळ दिसते, पातेल्यात जाळीदार साय धरावी तशी. आजीच्या पाचांपैकी दोन साड्यांत ही ओळ अजून शाबूत होती.

त्या दोन मी परत ट्रंकेत ठेवायला लावल्या. धडधाकट साडी पडद्यासाठी कापू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हल्ली "जुन्या पैठणीचा पडदा" असले फोटो फिरतात, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. नेसता येते ती साडी नेसावी. कापायची ती विरलेली, फाटलेली, घडीवर चिरलेली.

तशी एक गर्द हिरवी होती, गोमी काठाची. मध्ये दोन ठिकाणी गेलेली, पण काठ बघत राहावेत असे. मापं घेतली: लांबी ३१५ इंच, रुंदी ४७. एकदा गार पाण्यातून काढून वाळवल्यावर रुंदी ४६ भरली. जुनी साडी असंख्य वेळा धुतलेली असते, म्हणून फार आटत नाही. नवं कापड मात्र न धुता कापायचं नाही, त्याचा प्रसंग पुढे येतो.

पहिला पडदा

पहिल्या खेपेला मी केलं ते कुणीही करेल तेच. खिडकीची उंची ४८ इंच, वर-खाली सोडायचं आणि दुमडीचं धरून एक तुकडा ७० इंचांचा. एका साडीत असे चार बसले, पदराचा ३५ इंचांचा तुकडा बाजूला राहिला. चार तुकड्यांची रुंदी मिळून १८४ इंच, म्हणजे ७२ इंचांच्या खिडकीला अडीचपट. घेर भरपूर. वरच्या पट्टीला बाजारातून आयलेट, म्हणजे दांडी ओवायच्या रिंगा, ठोकून आणले, स्टीलची दांडी घेतली, दोन ब्रॅकेट भिंतीत बसवून घेतले. फेब्रुवारीच्या शेवटी पडदा लागला. उभे काठ, प्रत्येक चुणीत एक. मामींनी शेजारणींना बोलावून दाखवला. फोटो काढले. माझ्याकडे अजून आहेत.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मामांचा फोन: "पेपर हिरवा दिसायलाय की गं!"

मी हसले. तिथे गेल्यावर हसू गेलं. विरलेल्या सुती साडीतून ऊन गाळून नाही, रंगून येत होतं. अख्खा हॉल हिरवा. मामींचा चेहरा हिरवा. भिंतीवरचं कॅलेंडर हिरवं. वर उकाडा पूर्वीइतकाच, किंबहुना जरा जास्त, कारण चादर निदान जाड होती. शिवाय पडदा ओढूनही उजव्या कडेनं बोटभर उन्हाची एक रेघ आत येत होती आणि ती बरोबर टीव्हीवर पडत होती. मी पडदा दांडीवर उजवीकडे ओढला, मग डावीकडे उघडं पडलं. दांडीच खिडकीच्या जेमतेम मापाची.

पुढच्या पंधरा दिवसांत आयलेटनं कापड सोडलं. आयलेटच्या भोकाभोवती सगळा भार येतो, आणि मी तिथे दुहेरी दुमड दिली होती ती त्याच विरलेल्या साडीची. विरलेल्याची दुहेरी म्हणजे दोनदा विरलेलं. रोज दोनदा ओढाओढ झाल्यावर रिंगेभोवतीचं कापड चंद्रकोरीसारखं फाटत गेलं.

आणि पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी दांडीच खाली आली. मामी गुढीसाठी साडी काढायला ट्रंकेशी बसल्या होत्या, मामा खुर्चीत होते. नशीब, दांडी खुर्चीच्या पाठीवर आपटली. डाव्या ब्रॅकेटची गट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भोकात ठोकतात तो तुकडा, भिंतीतून अख्खी निघून आली होती, मागे पांढरी भुकटी आणि अंगठा जाईल एवढं भोक.

पांढरी भुकटी हे उत्तर होतं, मला उशिरा समजलं. हल्लीच्या बऱ्याच इमारतींच्या भिंती विटांच्या नसतात, हलक्या पोकळसर ठोकळ्यांच्या असतात. त्यात साधी प्लॅस्टिकची गट्टी धरत नाही. सुरुवातीला घट्ट वाटते, मग हिसके बसले की भोक मोठं होत जातं. खिडकीच्या डोक्यावर मात्र सिमेंट-काँक्रीटची आडवी तुळई, लिंटेल, असते, ती पक्की. आम्ही ब्रॅकेट "जरा वर, छान दिसेल" म्हणून नऊ इंच वर घेतले होते, लिंटेल सोडून नेमके ठोकळ्यात. भोक पाडताना ओळखायची खूण सोपी आहे. ड्रिल लोण्यात जावं तसं गेलं आणि भुकटी पांढरी आली तर ठोकळा. ड्रिल किंचाळायला लागलं आणि करडी भुकटी आली तर लिंटेल. मिस्त्री तरुण होता, त्यानं लोण्याचाच आनंद घेतला.

खडूच्या रेघा

दुसऱ्यांदा शिवायला बसायच्या आधी मी एक आठवडा काहीच शिवलं नाही. एप्रिल निम्मा झाला होता. रोज दुपारी मामांकडे जायचे, आणि तीन, चार, पाचच्या ठोक्याला ऊन फरशीवर कुठवर आलंय तिथे खडूची रेघ ओढायची. कपड्यावर खुणा करायचा तोच चपटा खडू. मामी पुसायच्या, मी परत ओढायची.

हॉलची फरशी दोन फुटी आहे, म्हणून मोजणं सोपं. तीनला ऊन दुसऱ्या फरशीच्या टोकाअलीकडेच थांबत होतं, म्हणजे भिंतीपासून साडेतीन फुटांवर. चारला सात फूट. पाचला थेट समोरच्या भिंतीच्या पायथ्याशी, तेरा-चौदा फुटांवर. एका तासात दुप्पट. म्हणजे तीनपर्यंत सज्जा आपलं काम चोख करतो, पडद्याची तेव्हा फारशी गरजच नाही. सूर्य उतरला की दोन फुटी सज्जा नुसता टोपीच्या फ्लॅपसारखा, कपाळापुरता. खिडकीचा खरा शत्रू साडेतीन ते साडेसहा एवढाच. आम्ही मात्र सकाळी नऊपासून चादर ओढून अंधारात बसत होतो.

मला वाटतं इथेच सगळी चूक होती. मी कापड मोजलं, खिडकी मोजली, दांडी मोजली. ऊन मोजलंच नाही. सोफ्याला मॅचिंग काय होईल यावर मामी आणि मी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या.

रेघांवरून कामाची वाटणी करता आली. एका पडद्याकडून तीन कामांची अपेक्षा होती: उष्णता अडवायची, उजेड मऊ करायचा आणि आजीची साडी दिसायला हवी. एका विरलेल्या कापडाच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हतीच.

उष्णतेचं गणित तर सरळ आहे. ऊन एकदा काचेतून आत आलं आणि पडद्यावर आपटलं की ती उष्णता घरात आलीच. जाड चादर ती साठवते, एवढाच फरक. ती काचेच्या बाहेर अडवली तर खरं. पूर्वीच्या वाड्यांत खिडकीबाहेर चिक सोडायचे, वाळ्याचे पडदे बांधून त्यावर पाणी मारायचे, ते काही हौस म्हणून नव्हे. आणि ज्याला बाहेर काहीच करता येत नाही त्यानं पडद्याची काचेकडची बाजू पांढरी तरी ठेवावी, म्हणजे आलेल्या उन्हातलं थोडं काचेतूनच परत जातं. आम्हाला दोन्ही शक्य होतं, कारण बाहेर ते ग्रिल होतं.

दुसरा पडदा

चुण्यांचा पडदा बाद. साडी फाटली ती भारानं, म्हणून तिच्यावर भारच नको. मी घड्यांचा, ज्याला रोमन ब्लाइंड म्हणतात, तो प्रकार घेतला. दोरी ओढली की कापड घडी घालत वर जातं. यात चुण्या नसल्यानं कापड कमी लागतं: पूर्वी साडीचे चार तुकडे लागले, आता दोनच. चौघांपैकी कमी फाटलेले दोन निवडले, आयलेटची पट्टी पाच इंच कापून टाकली, तरी प्रत्येकी ६५ इंच हाताशी राहिले.

अस्तराला पाच मीटर मांजरपाट आणलं. मांजरपाटात खळ असते. गरम पाण्यात रात्रभर भिजवून, धुऊन वाळवल्यावर पाच मीटरचं चार मीटर सत्तर सेंटिमीटर झालं. हेच आधी कापून शिवलं असतं तर पहिल्या धुण्याला पडदा गोगलगायीसारखा आकसला असता. धुतल्यावर मांजरपाट जरा पांढरंही झालं, अगदी शुभ्र नाही, पण चालतं.

पडद्याची उंची ५६ इंच ठरवली: खिडकीच्या वर तीन, खाली पाच, मधले ४८. आता घड्या. यात एकच गुपित आहे आणि ते मला एक अख्खा मांजरपाट वाया घालवण्याच्या बेतात असताना सापडलं. दर दोन काड्यांमधलं अंतर दहा इंच घेतलं तर दोरी ओढल्यावर घडी पाच इंच लोंबते. सगळ्यात खालचा तुकडा पाचापेक्षा एक इंच जास्त, सहाचा ठेवायचा, म्हणजे बाकीच्या घड्या त्याच्यामागे लपतात आणि समोरून एक सरळ पट्टी दिसते. मग खालून ६, १६, २६, ३६, ४६ इंचांवर काड्या, आणि वर दहा उरतात. बेरीज बरोबर ५६. पहिल्यांदा मी खालचा तुकडा दहाचा ठेवला होता, तेव्हा पडदा वर घेतल्यावर खाली जीभ बाहेर काढल्यासारखा दिसत होता.

काड्या म्हणजे बांबूच्या कामट्या, बुरुडाकडून दहा तासून आणल्या. त्या पॉलिश पेपरनं नीट घासाव्या लागतात, नाहीतर एक कूस राहिली तरी कापडाला धरते. कामट्यांचे खिसे मी फक्त मांजरपाटावर टीप मारून केले. साडी त्यावर नुसती पांघरली: वरून बांधली, खालून दुमडली, आणि दर कामटीवर तीन ठिकाणी हातानं चार-चार टाके. बस्स. मशीनची एकही आडवी टीप हिरव्यावर नाही. सगळं वजन मांजरपाट पेलतं, साडी अंगावर शाल घेतल्यासारखी. दोन्ही बाजूंचे काठ दुमडलेही नाहीत, कारण काठाला स्वतःची किनार असते, ती उसवत नाही. अस्तरच काठाच्या आत पाव इंच घेतलं. हातशिलाईला तीन दुपारी गेल्या. मामी गोधडी घालायच्या, त्यांचा धावदोरा माझ्यापेक्षा सरळ. उजवा पडदा त्यांनी टाचला, डावा मी. जवळून बघितलं तर कळतं कुठला कुणाचा.

मागे प्रत्येक कामटीला तीन छोट्या प्लॅस्टिकच्या रिंगा, दोन पडदे मिळून तीस. प्रत्येक उभ्या ओळीतून एक दोरी वर जाते, लाकडी पट्टीतल्या गोल आकड्यांतून आडवी एका बाजूला येते आणि तिन्ही मिळून खाली. आठ फुटी लाकडी पट्टी मात्र या खेपेला लिंटेलमध्येच, करडी भुकटी बघून, पाच स्क्रूंवर. दोन पडद्यांची मिळून रुंदी ९२ इंच, म्हणजे खिडकीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा इंच भिंत झाकली जाते. मार्चमधली ती बोटभर रेघ डोक्यात होती. दोन पडद्यांच्या मध्ये बारीक फट राहणार, तर ती मी अशी जुळवली की बरोबर सरकत्या काचांच्या मधल्या दोन इंची चौकटीमागे येईल. या हुशारीबद्दल मी स्वतःवर खूश होते.

खालच्या दुमडीत वजनासाठी साखळी घालतात. मामांनी त्यांच्या डब्यातली जुनी पाचाची जाड नाणी दिली, नऊ ग्रॅमची असतात ती. प्रत्येक पडद्यात सहा, एकेक छोट्या खिशात शिवून. "म्हणजे साठ रुपये अडकले," असं ते अजून म्हणतात.

दोऱ्यांबद्दल एक. मेमध्ये मामांचा नातू येतो, तीन वर्षांचा. लोंबणारी दोरी, त्यातून फास तयार होणारी, ही लहान मुलाच्या मानेला खरोखर धोक्याची असते. घड्यांच्या पडद्याचं हे सगळ्यात मोठं वैगुण्य. आम्ही तिन्ही दोऱ्या एका मण्यात घेऊन गाठ मारली, उरलेली कापली, आणि दोरी गुंडाळायचा आकडा साडेपाच फुटांवर लावला. मामींना टाचा उंचवाव्या लागतात. चालेल. सोफाही खिडकीपासून हलवला, कारण पोरं आधी सोफ्यावर चढतात.

ग्रिलमधला वाळा

काचेबाहेरचा पडदा मामींच्या डोक्यातून आला. त्यांच्या माहेरी बार्शीला खिडकीला वाळ्याची ताटी असायची. मी म्हटलं, कूलरचं गवत बसवू, स्वस्त पडेल. मामी म्हणाल्या, "त्याचा वास कुणाला हवाय?" मुद्दा बिनतोड होता.

काष्ठौषधींच्या दुकानातून दीड किलो वाळा आणला. मच्छरदाणीच्या जाळीचे दोन थर, मध्ये वाळ्याची मुळं विरळ पसरायची आणि गोधडीसारखे चार-चार इंचांचे चौकोन धावदोऱ्यानं शिवायचे, नायलॉनच्या दोऱ्यानं, कारण सुती दोरा पाण्यानं कुजतो. तीन बाय चारचे दोन तुकडे झाले. मुळं मशीनखाली घालायचा प्रयत्न केला तर दोन सुया गेल्या, सोळा नंबरच्या. मग गुमान हातानं. ताट्या ग्रिलच्या आतल्या अंगाला, कुंड्यांच्या अलीकडे बांधल्या. साडेतीनला पाणी मारायचं, पाचला परत.

पाणी मारायला पहिल्या दिवशी मामांनी मग घेतला. दहा मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर पिवळट थेंब. वाळ्याचं पहिलं पाणी चहासारखं उतरतं. मामींनी ती चादर स्वतः धुऊन, इस्त्री करून, सोबत चकल्या घालून परत केली. त्यानंतर ताट्या आधी बाथरूममध्ये दोनदा भिजवून निथळून घेतल्या आणि मगाऐवजी झाडांवर मारायचा फवारा आला. फवाऱ्यानं थेंब गळत नाही, आणि गारवा यायला ओलेपणा पुरतो, चिंब करायची गरज नसते.

सोलापूर-विदर्भाच्या कोरड्या हवेत हा प्रकार चालतो, कारण पाणी भराभर उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत पाणी फारसं उडत नाही. तिथे वाळा लावला तर वास मिळेल, गारवा फारसा नाही. तिथे बांबूची चिक बरी. इथेही जूनमध्ये हवा ओलावली की ताट्या काढायच्या, नाहीतर बुरशी धरते. शिवाय ओल्या ताटीमुळे ग्रिलला गंज चढतोच. आम्ही बांधायच्या जागी सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले, तरी दोन सळयांचा रंग सुटलाय.

खर्च विचारतातच, म्हणून: मांजरपाट ४५०, कामट्या १५०, लाकडी पट्टी ३२०, रिंगा-दोऱ्या-आकडे २१०, भोकं पाडणाऱ्याचे ३००, वाळा ७५०, जाळी २४०. मिळून २,४२०. त्याआधी वाया गेलेली दांडी, ब्रॅकेट आणि आयलेट १,३८०. म्हणजे खरा आकडा ३,८०० आणि माझ्या साधारण अकरा दुपारी. अकरा दुपारी धरल्या तर स्वस्त म्हणवत नाही, आणि शोरूमवाल्याच्या २१,००० मध्ये तीन खिडक्या होत्या, आमची एकच झालीये.

पदराचा तुकडा मी काहीच केला नाही. मामींनी तो मलमलीत गुंडाळून परत ट्रंकेत ठेवलाय, त्या दोन धडक्या साड्यांच्या मध्ये.

मे

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सगळं जागेवर होतं. साडेतीनला पडदे खाली, वाळ्यावर पाणी. हॉलमध्ये दिवा न लावता पेपर वाचता येतो, आणि पेपर पेपरच्याच रंगाचा दिसतो. हिरवा आता फक्त काठाशी, जिथे अस्तर पाव इंच आत आहे तिथे उन्हाची बारीक हिरवी कड उमटते. ती मुद्दाम केली नव्हती. मामींना तीच सगळ्यात आवडते.

मग मेच्या दुसऱ्या आठवड्यात मामांचा फोन. "रेघ आली."

मला खरंच वाटेना. दोन्ही बाजूंना दहा-दहा इंच सोडले होते. जाऊन बघितलं, साडेपाच वाजले होते. रेघ बाजूनं नव्हतीच, मधोमध होती. त्या फटीतून, जी मी चौकटीमागे लपवली होती.

मार्चमध्ये चार-पाच वाजता सूर्य पश्चिमेच्या जरा दक्षिणेला असतो, म्हणून तेव्हा ऊन डावीकडून येऊन उजव्या कडेनं निसटत होतं. एप्रिलच्या मध्यावर, माझ्या खडूच्या आठवड्यात, तो अगदी समोर होता. रेघा काचेसारख्या सरळ पडल्या आणि मी त्यावरच विसंबले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस, आणि तिथून तो उत्तरेला सरकतो. संध्याकाळचं ऊन आता उजवीकडून तिरकं येतं. काच आणि पडदा यांच्यात भिंतीची जाडी धरून सातेक इंचांचं अंतर आहे. तेवढ्यात ते तिरकं ऊन दोन इंच डावीकडे सरकतं. चौकटीची सावली फटीवर पडायच्या ऐवजी फटीच्या शेजारी हिरव्यावर पडत होती, आणि फट उघडी.

उपाय साधा आहे. एका पडद्याला मागून दोन इंचांची मांजरपाटाची पट्टी जोडायची, ती दुसऱ्याच्या मागे जाईल. मी तसं सांगितलं, पट्टी शिवूनही नेली.

पण तोवर मामांनी दोन्ही पडदे मध्ये कपड्याच्या चिमट्यानं जोडले होते. निळा प्लॅस्टिकचा चिमटा, गोमी काठाच्या बरोबर मध्यावर. मी पट्टी दाखवली. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, म्हणाले, "हे चालायलंय की." पट्टी माझ्या पिशवीतच आहे.